शब्दांमागचे ‘दार’

दिवाळीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नांदेडच्या आमच्या घरी दाराला तोरण बांधण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. मी स्टुलावर उभा, आणि खाली झेंडूच्या माळा हातात देणारी माझी नात. ती इयत्ता सहावीत आहे, आणि या वयातल्या मुलांना प्रश्न पडण्यास काळवेळ लागत नाही. ती म्हणाली, “आबा, चौकीदार म्हणजे चौकीचे दार का हो?”

मी हसलो. तेवढ्याने तिचे समाधान होईना. “मग सुभेदार? फौजदार? तहसीलदार? या सगळ्यांच्या घरांना दारे आहेत, आणि आपल्या आडनावाला नाही!”

तोरण बांधून झाले, परंतु प्रश्न काही सुटला नाही. रात्री फराळाच्या ताटाशी बसून आम्ही दोघांनी कागदावर ‘दार’ शेवटी येणाऱ्या शब्दांची यादी करावयास घेतली. पहिली साठ नावे होईपर्यंत चकली संपली होती. त्या यादीतून जे निघाले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. त्यात माझ्या आजोळचा एक जुना हिशोबही आहे. तो ओघाने येईलच.

प्रथम नातीच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या घराचे दार संस्कृत ‘द्वार’ या शब्दापासून आले. चौकीदारातले ‘दार’ हे अगदी निराळ्या कुळातले. ते फारसीतून आले. फारसीत ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणे, धरणे, राखणे. त्याचे रूप ‘दार’. ज्याच्या ताब्यात जे असेल, त्याच्या मागे ‘दार’ लागायचे. किल्ला राखणारा किल्लेदार. फौज बाळगणारा फौजदार. ‘तहसील’ म्हणजे वसुली, ती करणारा तहसीलदार. ‘चोब’ म्हणजे लाकूड, अर्थात काठी. ती धरणारा चोबदार, आणि आपल्या तोंडी चोपदार. आषाढीच्या वाटेवर पालखीपुढे चोपदाराने काठी उंच केली की हजारो वारकऱ्यांचा गजर क्षणात थांबतो. ती काठी मूळची दरबारातली. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. ‘सर’ म्हणजे डोके, तेव्हा सरदार हा मुख्यस्थानी असणारा. जहागीरदाराची तर मौजच आहे. ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. त्याला पुन्हा ‘दार’ जोडले. एकदा धरून भागले नाही म्हणून दुसऱ्यांदा घट्ट धरले, असे म्हणावे! अखेर हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या ऑगस्ट १९४९ मध्ये रद्द झाल्या आणि दोन्ही हातांनी धरलेले सुटले.

या शब्दांनी समुद्रही ओलांडला. युल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा एक विलक्षण कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी जे देशी शब्द बसले होते त्यांचा तो कोश. त्यात किल्लेदार, हवालदार, जमादार, फौजदार, चोबदार, शिलेदार हे सगळे इंग्रजी पोषाखात उभे आहेत. आज इंग्लंडातल्या मुलांना ते जुने आणि विचित्र इंग्रजी शब्द वाटत असतील. आपल्याकडे मात्र त्यांतले निम्मे अजून नोकरीवर आहेत आणि उरलेले आडनावे होऊन शेजारी राहतात. इंग्रजांनी फार नवल करू नये. त्यांच्या घरीही असाच प्रकार आहे. ‘लॉर्ड’ हा त्यांचा मोठा भारदस्त शब्द. परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पाव राखणारा’ असा होता. म्हणजे आपल्या भाषेत सांगावयाचे तर भाकरदार!

शब्दांनाही माणसांसारखे चढउतार असतात. हवालदार हा शिवकाळात किल्ल्यावरचा मोठा अधिकारी. आज तो चौकातल्या रहदारीला हात दाखवतो. जमादार हा सैन्यात अधिकाराचा हुद्दा होता. १९६५ मध्ये त्याचे ‘नायब सुभेदार’ असे नामांतर झाले, कारण तोवर शहरांतून तो शब्द झाडूवाल्याला लागू झाला होता. झाडणारा हलका नव्हे, परंतु हुद्द्याला मात्र त्याची लाज वाटली! सुभेदार तर एका काळी सबंध प्रांताचा धनी होता.

आमच्या मराठवाड्यात या सुभेदाराची आठवण जरा अलीकडची आहे. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली. जिल्ह्याच्या प्रमुखाला ‘अव्वल तालुकदार’ म्हणत, म्हणजे आजचा कलेक्टर. त्याच काळात उत्तरेकडे अवधात ‘तालुकदार’ म्हणजे गडगंज जमीनदार. शब्द एक, परंतु तिकडे तो सारा खाणारा आणि इकडे सारा गोळा करणारा. तालुकदारांच्या वर सुभेदार. नांदेड औरंगाबादच्या सुभ्यात होते. लातूर त्या वेळी उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले एक गाव, आणि उस्मानाबाद गुलबर्ग्याच्या सुभ्यात. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो ऑगस्ट १९८२ मध्ये. आज शेजारी असलेल्या या दोन जिल्ह्यांचे कागद असे दोन दिशांना जात. दफ्तराची भाषा आधी फारसी होती, आणि १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. शेतात मराठी, बाजारात मराठी, देवळात मराठी. आणि त्याच शेताचा कागद मात्र उर्दूत. शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचे नाव वाचता येत नसे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ येथेच आहे.

या दोन जिल्ह्यांत किल्लेदारांची वाण नव्हती. नांदेडकडे कंधार, लातूरकडे औसा आणि उदगीर. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरास नमवले, आणि पुढल्या वर्षीच्या जानेवारीत पानिपत झाले. किल्ले पडले, किल्लेदार गेले. आडनाव तेवढे राहिले.

परंतु नांदेडचा माझा सर्वांत आवडता ‘दार’ राजदरबारातला नव्हे. येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी येथे गुरुद्वारा बांधवला, तो आपला हजूर साहिब. तेथे मुख्य सेवेचा अधिकारी तो ‘जत्थेदार’. जथा हा शब्द संस्कृत ‘यूथ’ म्हणजे कळप, समूह यापासून आलेला; त्याला फारसी ‘दार’ लागला, पंजाबीने तो वाढवला, आणि गोदावरीच्या काठी मराठी माणूस तो रोज उच्चारतो. लंगरात पंगतीला वाढणारा तो ‘सेवादार’. आमच्या नांदेडचा हा एक शब्द फोडला तर अर्धा हिंदुस्थान निघतो.

तसाच एक शब्द ‘गुत्तेदार’. पुण्यामुंबईकडचा पाहुणा आला की हा शब्द ऐकून थबकतो. गुत्ता म्हणजे मक्ता. तेलुगू-कन्नड बाजूचा हा शब्द. देगलूर-बिलोलीकडून तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडून कन्नड आमच्या बोलीत शिरते, तिच्याबरोबर तो आला. पुणेकर त्याच माणसाला ठेकेदार म्हणतो आणि मुंबईकर कंत्राटदार. कंत्राट हा तर फिरंगी शब्द. रस्ता तिघांचाही सारखाच उखडतो. परंतु पाहा, तीन भाषांच्या तीन नावांना शेवटी एकच ‘दार’ पुरला. मराठीने हा प्रत्यय असा आपलासा केला की पुढे काय जोडावे याची चिंताच उरली नाही. बलुतेदार आपला, साक्षीदार आपला, वारसदार आपला. पाणीदार डोळे, झुबकेदार मिशा, दाणेदार तूप, चवदार भाजी. आणि निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहणारे आपण सारे ‘मतदार’. ज्यांना निवडून देतो ते आमदार आणि खासदार, आणि मंत्री झाले की नामदार.

नातीने यादीत काही चोरही घुसवले होते. देवदार हा वृक्ष. त्यातला ‘दारु’ म्हणजे संस्कृतातले लाकूड. केदार, मंदार, उदार यांचाही या कुळाशी संबंध नाही. गद्दार हा तर सगळा अरबी. त्याने काहीच राखलेले नसते, तेव्हा तो ‘दार’ नव्हे हे योग्यच आहे.

आता थोडे गंभीर होतो. हे शब्द परके म्हणून काढून टाकावेत असे आपल्याकडे अनेकदा ठरले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला. मुजुमदार, म्हणजे जमाखर्चाची एकत्र वही राखणारा, तो ‘अमात्य’ झाला; डबीर ‘सुमंत’ झाला. परभाषेच्या ओझ्याखाली दबलेल्या भाषेला मान ताठ करावयाची होती, ते आवश्यकच होते. तरीही मुजुमदार आडनावाने आजवर टिकले. पुढे १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तेव्हा आपल्या रोजच्या बोलण्यात फारसी किती खोल मुरली आहे हे लोकांना दिसले.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. १९४७-४८ मध्ये गावोगाव जे झाले ते माझ्या आईच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. ‘रझाकार’ याचा कोशातला अर्थ ‘स्वयंसेवक’ एवढाच. परंतु त्या शब्दाने घरे जाळली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती दिली, आणि त्यानंतर ज्या भाषेत ते शब्द होते तिच्याविषयीच लोकांच्या मनात अढी बसली. औसा तालुक्यातल्या आमच्या आजोळी आजोबांनी घरातले उर्दू कागद चुलीत घातले. मामा सांगत असे, दोन दिवस त्यांवर पाणी तापले. त्या वेळच्या माणसांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. भीती गेल्यावर राग येतो, आणि रागाला समोर जे सापडेल ते जळते.

एक कागद मात्र आजीने हळदीकुंकवाच्या पत्र्याच्या डब्याच्या तळाशी घातला होता. का, ते तिलाच ठाऊक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्रीपर्यंत गणपती विसर्जनाची धामधूम, आणि पहाटे दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर. सुमारे दहा हजार माणसे त्या एका पहाटेत गेली. आजोळचे घर बसले. मामा आणि मामी ओसरीवर निजले होते म्हणून वाचले. ढिगारा उपसताना तो डबा निघाला. चेपलेला, परंतु बंद.

कागद मी नांदेडला आणला. आमच्या गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहत. मी त्यांना मास्तरसाहेब म्हणे आणि ते मला गुरुजी. कागद १३३८ फसलीचा होता. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे तो १९२८-२९ चा. विहिरीजवळच्या आमच्या शेताची ती सरकारी नक्कल होती.

त्या शेताविषयी आजोळी एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगत. शेजारच्या एका घराकडे त्यातला निम्मा तुकडा वहिवाटीला होता. त्या घरच्या म्हाताऱ्याला आम्ही मुले दाजी म्हणत असू. आजोबा म्हणत, “ते आपले असामी. शिकमी लावलेत.” तेवढ्या एका वाक्यावर दोन घरांचे नाते उभे होते. दाजी ओसरीच्या पायरीवर बसत, वर नाही. विहिरीचे पाणी घ्यावयाचे तर आधी विचारून. दाजींचे म्हणणे निराळे असे: दोघांच्या आजोबांनी पडीक माळ मिळून मोडला, पट्टा तेवढा एकाच्या नावे झाला. पण त्यांच्यापाशी कागद नव्हता आणि आमच्यापाशी असलेला कुणाला वाचता येत नव्हता. माझ्या लहानपणी गावातल्या एका जाणत्याने तो बघून “होय, शिकमी लिहिले आहे” असे सांगितल्यापासून तो प्रश्न मिटलाच होता.

मास्तरसाहेबांनी कागद उजेडात धरला आणि भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “गुरुजी, शिकमी आहे, पण ओळ येथे संपते, आणि पुढची ओळ घडीत गेली आहे. येथे तीन हरफ आहेत. दाल, अलिफ, रे. दार. हा शब्द शिकमीदार आहे.”

मी विचारले, त्याने काय फरक पडतो? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी पुढे स्वतः पडताळून पाहिले. हैदराबादचा जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. त्यात तीन नावे आहेत. सरकारात सारा भरण्यास जो थेट बांधलेला तो पट्टेदार. पट्टेदाराकडून जमीन कसावयास घेणारा तो असामी शिकमी, म्हणजे कूळ. आणि तिसरा शिकमीदार. पट्टेदाराप्रमाणेच ज्याचा जमिनीवर हक्क आहे किंवा जो प्रारंभापासून त्याच्या जोडीने ताबा ठेवून आहे, तो. ‘शिकम’ म्हणजे पोट. एक नाव वर दिसते, दुसरे त्याच्या पोटात असते. पण असते ते बरोबरीचे. ‘असामी’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘नावे’. यादीतले एक नाव. ‘दार’ म्हणजे मात्र धरणारा, ज्याच्या हाती काही आहे असा. कूळ की भागीदार, हा निवाडा त्या तीन हरफांवर होता, आणि ते घडीत दबून राहिले होते.

मास्तरसाहेब आणखी एक गोष्ट म्हणाले. “उर्दूत बहुतेक अक्षरे पुढच्याला हात देतात. दाल, अलिफ आणि रे ही तिन्ही पुढच्या कुणाचा हात धरीत नाहीत. म्हणून ती सुटी पडतात, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतूनही सुटतात.”

मी तो कागद घेऊन मामाकडे गेलो. तेव्हा सगळे गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. ओसरीही नव्हती आणि पायरीही नव्हती. मामाने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ तो तंबाखू मळत राहिला. तोंडात काही टाकली नाही. शेवटी एवढेच म्हणाला, “दाजी खोटे बोलत नव्हते तर.” दाजी स्वतः त्या भूकंपात गेले होते.

इतक्या वर्षांनी कायद्याने काय झाले असते ते वकील जाणोत. मामा कचेरीत गेला नाही. त्या दिवाळीला गावात कुणी आकाशदिवा लावला नाही. परंतु पाडव्याला मामा दाजींच्या मुलाच्या शेडमध्ये गेला, कागद त्याच्यापुढे ठेवला, आणि विहिरीच्या पाण्याची पाळी बांधून आला: चार दिवस त्यांचे, चार दिवस आपले, विचारावयाचे नाही. पुढे नव्या वसाहतीत पक्की घरे मिळाल्यावर दाजींचा मुलगा मामाच्या घरात खुर्चीवर बसू लागला. हे लिहावयास फार लहान वाटते. ज्यांनी ती पायरी पाहिली आहे त्यांना ते लहान वाटणार नाही.

आता शेवटची गंमत. या ‘दार’चे मूळ शोधत मागे गेले की काय सापडते? इराणचा जुना सम्राट दारयवउश, ज्याला इंग्रजी पुस्तके डरायस म्हणतात. त्याच्या नावाचा अर्थ ‘चांगले ते धरून ठेवणारा’. आणि ज्या धातूपासून हे नाव झाले तो संस्कृत ‘धृ’ या धातूचा सख्खा भाऊ. संस्कृतातला ‘ध’ तिकडे ‘द’ होतो: आपला बंध, त्यांचा बंद. ‘भ’चा ‘ब’ होतो: आपला भ्राता, त्यांचा बिरादर. त्याच न्यायाने आपला ‘धर’ आणि त्यांचा ‘दार’ एकाच आईची लेकरे. गिरिधर, चक्रधर, धनुर्धर. आणि किल्लेदार, चोबदार, शिलेदार. हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेले दोघे भाऊ निरनिराळ्या वाटांनी गेले. एक वेदांबरोबर येथे आला, दुसरा घोड्यावर बसून फार उशिरा आला, आणि आपण त्याला ओळखले नाही. तो राज्यकर्त्यांच्या संगतीने आला, हे खरे. त्याच्या नावे जुलूम झाले, हेही खरे. परंतु परका म्हणून ज्याला पायरीवर बसवले तो पोटातला निघाला. आमच्या शेताच्या कागदासारखेच ते झाले.

हे सगळे नातीला सांगून होईपर्यंत रात्र झाली. पणत्यांतले तेल संपत आले होते. तिने यादीतला शेवटचा शब्द वाचला: “जबाबदार.” आणि आपणच फोड केली, “जबाब म्हणजे उत्तर. उत्तर ज्याच्यापाशी आहे तो.”

“बरोबर,” मी म्हणालो.

“आणि ज्याच्यापाशी उत्तर आहे, पण वाचता येत नाही तो?”

मी काहीच बोललो नाही. उठून पणतीत तेल घातले. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “आबा, मला ती तीन अक्षरे काढून दाखवा.” दारातल्या रांगोळीच्या कडेला मी दाल, अलिफ आणि रे काढले, मास्तरसाहेबांनी शिकवले होते तसे, सुटे सुटे. तिने त्यांत हळद भरली.